डॉलरचे सालदार

अमेरिकेतील संगणक-उद्योगाने नोव्हेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या अवघ्या तीन महिन्यांत जी कामगारकपात केली, तिचे आकडे कंपन्यांनी स्वतःच, भागधारकांना नीट ऐकू जातील अशा आवाजात जाहीर केले. मेटा ११ हजार, मायक्रोसॉफ्ट १० हजार, गूगल १२ हजार, ॲमेझॉन १८ हजार. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनने आणखी १४ हजारांची भर घातली. तात्पुरत्या व्हिसावर राबणारे परदेशी कुशल कामगार या आकड्यांतच मिसळून गेलेले होते. त्यांची वेगळी मोजदाद जाहीर करण्याचे कोणाला कारण नव्हते. बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावी या बातमीचे दोन अर्थ लागले. ज्यांचे कोणी तिकडे नव्हते ते म्हणाले, 'गेले होते डॉलर कमवायला, आता या परत.' ज्यांचे होते ते काहीच बोलले नाहीत, कारण मुलाच्या नोकरीची गोष्ट चारचौघांत काढली की कर्जाची गोष्ट निघते, आणि कर्जाची गोष्ट निघाली की तारण ठेवलेल्या घराची निघते. हा कामगारवर्गाचा प्रश्न आहे, असा तिसरा अर्थ मात्र आपल्या चळवळीतही फारसा कोणी लावला नाही. तो लावणे का अगत्याचे आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम व्हिसाची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. कारण अन्याय कपातीपेक्षाही या व्यवस्थेत अधिक खोल रुजलेला आहे. एच-१बी हा व्हिसा अमेरिकेच्या १९९० च्या स्थलांतर कायद्याने निर्माण केला. वर्षाला ६५ हजार, आणि पुढे अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, असा त्याचा कोटा आहे. तो एका वेळी तीन वर्षांसाठी आणि सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षांसाठी मिळतो. मंजूर होणाऱ्या अर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीयांचे असतात. परंतु यातली मर्माची गोष्ट अशी की, या व्हिसाचा अर्ज कामगार करीत नाही; मालक करतो. राहण्याचा हक्क कामगाराच्या नावावर दिसत असला तरी त्याची दोरी मालकाच्या हातात असते. नोकरी संपली की दोरी तुटते. त्यानंतर साठ दिवस, किंवा व्हिसाची उरलेली मुदत, यांपैकी जे कमी असेल तेवढा काळ त्याला थांबता येते. ही साठ दिवसांची सवलतदेखील जानेवारी २०१७ पासूनची. त्याआधी अशी ठरलेली मुदत नियमात नव्हती. या अवधीत दुसरा मालक मिळाला आणि त्याने नव्याने अर्ज दाखल केला तर निभावले, नाही तर घर आवरायचे, मुलाला शाळेतून काढायचे, मोटार मिळेल त्या किमतीला विकायची आणि देश सोडायचा. शिक्षण संपवून प्रशिक्षणाच्या परवानगीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना तर बेकारीचे दिवस मोजूनच दिलेले असतात: पहिल्या वर्षात एकूण नव्वद, मुदतवाढ मिळाल्यास सगळे मिळून दीडशे.

आपल्याकडे एखाद्या गुंडाला जिल्ह्याबाहेर काढायचे झाले तर १९५१ च्या पोलीस कायद्याखाली तडीपारीची कारवाई करावी लागते. त्यासाठी आधी नोटीस द्यावी लागते, आरोप काय आहेत ते सांगावे लागते, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, आणि तडीपारी दोन वर्षांपेक्षा अधिक काळाची करता येत नाही. गुंडाला असलेले हे संरक्षण अभियंत्याला नाही. जानेवारी २०२३ मध्ये गूगलच्या कित्येक कर्मचाऱ्यांना आपली नोकरी गेल्याचे पहाटे आलेल्या ई-मेलवरून किंवा कार्यालयाचे संगणकखाते उघडेनासे झाल्यावरून कळले. ज्याच्यापाशी तिथले नागरिकत्व होते त्याची नोकरी गेली. व्हिसावाल्याची नोकरी गेली आणि गावही गेले. एकाच यादीतील दोन नावांना एकाच दिवशी झालेल्या या दोन वेगवेगळ्या शिक्षा आहेत.

अकोल्याच्या सावतराम मिलच्या कामगारांनी कपात पाहिली, मिलचे १९७४ सालचे राष्ट्रीयीकरण पाहिले आणि शेवटी टाळेही पाहिले. अचलपूरची फिनले मिल तर २०२० च्या टाळेबंदीपासून थंड पडली. त्या कामगारांचे जे हाल झाले ते आपण जवळून पाहिले आहेत, आणि त्यांत कोणाशी बरोबरी करण्याचा इथे हेतू नाही. पण मिल बंद पडली म्हणून कोणी कामगाराला अकोला सोडण्याचा हुकूम दिला नव्हता. रेशनकार्ड होते, मतदारयादीत नाव होते, शेजारपाजार होता, मोर्चा काढायला रस्ता होता. गेटसभेला उभे राहण्याचा हक्क नोकरीबरोबर गेला नाही. व्हिसावरच्या कामगाराची कपात होते तेव्हा त्याच्या पायाखालची ही जमीनच काढून घेतलेली असते. म्हणून तो भांडत नाही. भांडायचे ठरवले तरी दाद लागेपर्यंत त्याने कुठे राहायचे?

वऱ्हाडातल्या कार्यकर्त्याला हे नाते नवीन वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे सालदाराचे साल गुढीपाडव्याला ठरते. उचल आधी मिळते, ती लग्नात नाही तर दवाखान्यात खर्च होते, आणि मग वर्षभर त्या उचलीच्या धाकाने तो मालकाच्या दावणीला बांधलेला राहतो. वर्षाच्या मध्येच साल मोडून शेजारच्या वावरात दुप्पट मजुरी मिळत असली तरी त्याला जाता येत नाही. १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला तेव्हा त्यामागचे तत्त्व असे होते की, कर्जाच्या किंवा आगाऊ पैशाच्या जोरावर माणसाचा मालक बदलण्याचा हक्क हिरावून घेता येणार नाही. मजुरी किती मिळते हा त्या कायद्यापुढचा एकमेव प्रश्न नव्हता. माणूस मोकळा आहे की नाही, हाही प्रश्न होता. एच-१बीवरचा अभियंता सालदाराएवढा गरीब नसतो हे सांगायला अर्थशास्त्र्याची गरज नाही. त्याच्या ताटात काय वाढलेले आहे ते आपण पाहतो. त्याच्या पायात काय अडकवले आहे ते पाहत नाही. त्याला कायद्याने मालक बदलता येतो, हे खरे. २००० सालच्या दुरुस्तीने ते काहीसे सोपेही झाले. पण नवा मालक तयार हवा, त्याने वकिलाचा आणि अर्जाचा खर्च करायला हवा, आणि हे सारे मंदीत, हजारो जण एकाच वेळी दारे ठोठावीत असताना, साठ दिवसांत व्हायला हवे. नियमात एक सौजन्य अवश्य आहे. मुदतीआधी काढून टाकले तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च मालकाने द्यायचा असतो. तो कामगाराचा, बायकामुलांचा नव्हे. घरी जायला एसटीचे भाडे देणाऱ्या मालकाची आठवण व्हावी अशीच ही उदारता.

कायमचा निवास मिळाला तर ही बेडी तुटते. पण तिथेही गणित पाहा. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार जणांना कायम निवास मिळतो, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला त्यातले सात टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत असा नियम आहे. लहानशा बेटाला आणि एकशेचाळीस कोटींच्या देशाला एकच माप! परिणामी भारतीयांची रांग दशकांच्या हिशेबाने मोजावी लागते. रांगेत असलेल्याला सहा वर्षांनंतरही व्हिसा वाढवून मिळतो. पण त्या रांगेतले पाऊल सुरुवातीला मालकाच्याच अर्जाने पडते. पत्नीला काम करण्याची परवानगी हवी असेल तर तीही या रांगेवर अवलंबून, आणि तीही मे २०१५ पासूनची. एका नोकरीच्या खुंटीला एवढे संसार टांगलेले असतात. अशा माणसाला रविवारी कामावर बोलावले तर तो नाही म्हणेल काय? पगारवाढ अडवली तर तक्रार करील काय? मालकवर्गाला परदेशी कामगाराचे कौशल्य प्रिय आहे, पण त्याहून अधिक प्रिय आहे ते त्याचे मौन.

आता या साखळीचे दुसरे टोक, जे आपल्या तालुक्यात आहे.

परदेशात शिकायला जाणाऱ्या मुलाला राष्ट्रीयीकृत बँक कर्ज देते ते साडेसात लाखांच्या पुढे सर्वसाधारणपणे तारण घेऊनच. शेतजमीन बँकेला तारण म्हणून नको असते, कारण २००२ च्या वसुली कायद्याखाली शेतजमिनीवर बँकेला परस्पर ताबा घेता येत नाही. मग गावातले घर, नाही तर अकोल्यात बापाने आयुष्याच्या कमाईतून घेतलेला प्लॉट तारण जातो. समजा चाळीस लाखांचे कर्ज आहे, व्याज ११ टक्के, फेड दहा वर्षांची. महिन्याचा हप्ता सुमारे ५५ हजार रुपये होतो, म्हणजे वर्षाला ६ लाख ६० हजार. मुलाची नोकरी चालू असते तोवर हा हप्ता तिकडच्या पगारातून सहज जातो, आणि गावात मुलाचे कौतुक होते. नोकरी गेली की तो बापाच्या कापसावर येतो. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा आधारभूत भाव क्विंटलला ८,११० रुपये. त्या भावाने, तो मिळाला तर, वर्षाचे हप्ते फेडायला ८१ क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर सोळा एकरांचे संपूर्ण उत्पन्न झाले. त्यातून बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी वजा केलेली नाही, आणि घरच्यांनी वर्षभर काय खायचे तेही धरलेले नाही. पिंजर, महान, धाबा या भागांत सोळा एकर असलेला शेतकरी किती जणांना आढळला आहे, ते कार्यकर्त्यांनीच आठवून पाहावे. काटेपूर्णेचे धरण याच तालुक्यात महानला असून त्याचे पाणी अकोला शहर पिते. आपल्या बहुसंख्य शेतकऱ्याची नजर मात्र आभाळाकडेच.

या दृष्टीने २०२५ हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरची जकात पन्नास टक्क्यांवर नेली. त्याच महिन्यात भारत सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले, आणि पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. कापड-गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा, हा हेतू. आणि आपला कापूस बाजारात यायचा तो याच दिवसांत. सप्टेंबरच्या १९ तारखेला अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये, शुल्क बसवण्याची घोषणा काढली. बापाच्या कापसाचा भाव आणि मुलाच्या श्रमाचा भाव एकाच मोसमात, एकाच दोन राजधान्यांत ठरला. दोघांनाही कोणी विचारले नाही. वऱ्हाडला हा अनुभव जुना आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली लढाई थांबली आणि भाव कोसळला. तेव्हापासून आपला शेतकरी न पाहिलेल्या बाजाराच्या तालावर पेरतो आहे. आता त्याने मुलगाही त्याच बाजारात पेरला आहे, इतकाच फरक.

आपल्यातील काही साथींचा यावर एक आक्षेप असतो आणि तो टाळून चालणार नाही. ते म्हणतात, हे लोक गरिबांच्या पैशाने शिकले, देशाला पाठ दाखवून गेले, आणि लाखाने पगार घेतले; त्यांच्यासाठी पक्षाने का झिजावे? सरकारी महाविद्यालयांतून जवळजवळ फुकट शिकून १९६०-७० च्या दशकांत गेलेल्या पिढीबद्दल हे बोलले जाई, तेव्हा त्यात तथ्य होते. पण १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच साली शेगावला आणि बडनेऱ्याला अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. शिक्षणाचा भार तिथून सरकारच्या खांद्यावरून घरच्या खांद्यावर आला. आणि या महाविद्यालयांमुळे, त्यांच्या शुल्कासह आणि दोषांसह, अभियंता होणे ही शहरी उच्चवर्णीयांची मिरास राहिली नाही. कुणब्याचे, माळ्याचे, बौद्धवाड्यातले, तांड्यावरचे, मोमीनपुऱ्यातले पोर त्या वर्गात येऊन बसले. त्यातले काही पुढे पुण्याला गेले, काही हैदराबादला, काही समुद्रापार. वडिलोपार्जित बंगला आणि शहरात तीन फ्लॅट असलेल्या घरातला मुलगा साठ दिवसांत परत आला तर त्याचे फारसे बिघडत नाही. तो सहा महिने विश्रांती घेतो. ज्याच्या घराण्यात तो पहिलाच पदवीधर आहे आणि ज्याचे घर बँकेकडे आहे, त्याच्यावरच ही कपात कोसळते. म्हणजे कपातीलाही जात आणि वर्ग आहेच. 'परदेशस्थ' हा एकच शब्द वापरून आपण तो वर्गभेद झाकतो, आणि मग समाजवादी म्हणवून घेतो!

शिवाय, त्यांनी इकडेच का थांबले नाही, हा प्रश्न त्यांना विचारण्याआधी इथे त्यांच्यासाठी कोणते काम ठेवले होते ते सांगावे लागेल. मिल बंद, औद्योगिक वसाहतीत मोकळे भूखंड, सरकारी भरती कंत्राटी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो आपल्याच वर्गबंधूंकडून येतो. अमेरिकेतला कामगार म्हणतो, हे लोक आमच्या नोकऱ्या खातात. त्याचे म्हणणे निराधार नाही. २०१४-१५ मध्ये फ्लोरिडातील डिस्ने कंपनीने सुमारे अडीचशे संगणक-कर्मचाऱ्यांना काढले, आणि त्यांतील अनेकांना जाण्यापूर्वी आपल्या जागी आलेल्या, कंत्राटी कंपन्यांनी आणलेल्या भारतीयांना काम शिकवून द्यावे लागले. स्वतःच्या हाताने स्वतःच्या जागेवर दुसऱ्याला बसवून निघून जाण्याची ती मानहानी ज्याच्या वाट्याला आली, त्याच्या रागाची आपण थट्टा करू नये. पण तो राग पोहोचला कुणापर्यंत? शिकायला बसलेल्या भारतीयापर्यंत. ज्याने दोघांनाही त्या खुर्च्यांवर बसवले त्याच्यापर्यंत तो गेलाच नाही. आणि राजकारणी पुरुषांनी तो तिथे जाऊ दिला नाही. त्यांनी त्याची मते केली.

मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार होता. रोज सकाळी तो गेटवर उभा राहायचा; कायम कामगार आला नाही तर त्याला काम, नाही तर परत घरी. कायम कामगाराला तो शत्रू वाटे, कारण मालक त्याच्याकडे बोट दाखवून कायम कामगाराला दाबत असे. बदल्याला कायम कामगार शत्रू वाटे, कारण त्याची जागा सुटल्याशिवाय याला भाकर नव्हती. १९८२ च्या संपात या दोघांना एका बाजूला उभे करता आले. संप फसला तरी ते काम झाले होते. एच-१बीवरचा अभियंता हा जगाच्या बाजारातला बदली कामगार आहे. त्याला हाकलून देऊन अमेरिकेतल्या कामगाराचे भले होणार नाही, कारण काम त्याच कंपनीच्या पुण्याच्या किंवा हैदराबादच्या कार्यालयात निम्म्याहून कमी पगारावर चालू राहील. त्याला मालकाच्या दोरीतून सोडवले तरच दोघांचे भले आहे. जो हवे तेव्हा नोकरी सोडू शकतो त्याला स्वस्तात राबवता येत नाही, आणि जो स्वस्तात राबत नाही त्याला आणून दुसऱ्याचे पोट मारता येत नाही. तिकडे हे ओळखणारेही आहेत. जानेवारी २०२१ मध्ये गूगलच्या मूळ कंपनीत जी कामगार संघटना स्थापन झाली, तिने कायम कर्मचाऱ्यांबरोबर तात्पुरत्या आणि कंत्राटी कामगारांनाही सभासदत्व खुले ठेवले. ती लहान आहे. लोखंडे यांच्या गिरणी कामगारांच्या संघटनेची सुरुवातही लहानच होती.

आपल्या सरकारने या कामगारांसाठी काय केले? २०१६ च्या मार्चमध्ये भारताने जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्ध तक्रार नेली होती. ती वाचण्यासारखी आहे. तक्रारीचा विषय होता व्हिसावरचे वाढीव शुल्क आणि व्हिसांची संख्या. ते शुल्क कंपन्या भरतात आणि संख्या कंपन्यांना हवी असते. नोकरी गेलेल्या माणसाने किती दिवस कुठे राहायचे, हा विषय त्या तक्रारीत नव्हता. सरकारच्या लेखी हा माणूस म्हणजे सेवाक्षेत्राची निर्यात. आणि निर्यात झालेला माल परत आला तर त्याची विचारपूस कोण करतो?

याहून उघड अन्याय सामाजिक सुरक्षेचा. अमेरिकेत प्रत्येक कामगाराच्या पगारातून निवृत्तिवेतनाच्या निधीसाठी ६.२ टक्के कापले जातात, तितकेच मालक भरतो. निवृत्तिवेतनाचा हक्क मात्र साधारण दहा वर्षे भरणा केल्यावर मिळतो. व्हिसा सहा वर्षांचा, अट दहा वर्षांची! मधेच कपात होऊन परतलेल्याचा हा पैसा तिकडेच राहतो. बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स अशा देशांशी भारताचे या बाबतीत करार आहेत, अमेरिकेशी नाही. अनेक वर्षे त्याची बोलणी चालू असल्याचे ऐकतो. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थांनी देशात पाठवलेल्या पैशापैकी २७.७ टक्के एकट्या अमेरिकेतून आला, आणि राज्यांत सर्वांत मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्राचा होता. हा पैसा परकीय चलनाच्या गंगाजळीत मोजताना सरकारला या माणसांचा विसर पडत नाही.

आखातातल्या कामगारांच्या बाबतीत तर २०१६ च्या उन्हाळ्यात सारे जगाने पाहिले. सौदी ओजेर या बांधकाम कंपनीने महिनोन्‌महिने पगार थकवले आणि हजारो भारतीय कामगार, त्यात वेल्डर, वीजतंत्री, फिटर असे कुशल कारागीर, छावण्यांत उपाशी अडकून पडले. परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री जेद्दाला गेले, अन्न पोहोचले, परतीची सोय झाली, आणि याचे श्रेय सरकारला द्यायला हरकत नाही. पण थकलेली मजुरी तिकडेच सोडून रिकाम्या हाताने परतणे हा त्या सुटकेचा दुसरा अर्थ होता. तिथेही राहण्याचा परवाना मालकाच्याच नावाला बांधलेला. वेल्डर आणि संगणक अभियंता यांच्या पगारात कितीही अंतर असले तरी त्यांच्या गळ्यातला दोर एकाच वाखाचा आहे. अकोला जिल्ह्यातून दोघेही जातात. गल्लीत मात्र ते एकमेकांना ओळखत नाहीत, आणि ती ओळख करून देणे हे आपले काम आहे.

परत आलेल्याला इथे काय भेटते? जुलै २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कपात करताना एक महिन्याची नोटीस, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, आणि पुन्हा भरती होईल तेव्हा कपात झालेल्याला आधी बोलावण्याची अट घातली होती. शंभर कामगारांच्या कारखान्याला कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि परवानगीची ती मर्यादा तीनशेवर गेली. संगणकासमोर बसणारा माणूस मुळात 'कामगार' आहे की नाही यावरच वर्षानुवर्षे वाद घातला जातो, कारण त्याच्या पदनामात मालकाने 'मॅनेजर' हा शब्द घालून ठेवलेला असतो. ज्याच्या हाताखाली एक माणूस नाही असे मॅनेजर या देशात जितके आहेत तितके कुठेही नसतील. पुण्यात नाइट्ससारख्या संघटना टीसीएसच्या प्रश्नावर केंद्रीय श्रम मंत्रालयापर्यंत गेल्या. त्यांना आपल्या पक्षाच्या शहर शाखांनी जागा, वकील आणि माणसे पुरवली पाहिजेत.

तालुक्याच्या कार्यकर्त्यांपुढील काम वेगळे आहे आणि ते अमेरिकेच्या अध्यक्षांवर अवलंबून नाही. साठ दिवसांचे १८० दिवस करावेत अशी सूचना २०२३ साली तिथल्या सल्लागार आयोगापुढे आली होती. ती अमलात आली नाही, आणि आपल्या ठरावाने ती येणारही नाही. पण कर्ज इथले आहे. बँक इथली आहे, तारण इथले आहे. दुष्काळात पीककर्जाचे पुनर्गठन होते, हप्ते पुढे ढकलले जातात. परदेशात कपात झालेल्याच्या शैक्षणिक कर्जाला, नोकरी गेल्याचा कागद दाखवल्यावर, किमान एक वर्षाची स्थगिती का मिळू नये? त्या काळात दंडव्याज आणि राहत्या घराची जप्ती का थांबू नये? ही मागणी जिल्हा अग्रणी बँकेपुढे आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढे नेता येते. परराष्ट्र खात्याकडे सामाजिक सुरक्षा कराराची मागणी आपल्या खासदारांमार्फत नेता येते, आणि ते नेत नसतील तर त्यांना जाहीर सभेत विचारता येते.

यासाठी आधी घरे माहीत हवीत. बार्शीटाकळी, कान्हेरी सरप, पिंजर, धाबा, महान या गावांतून ज्यांची मुले-मुली परदेशात तात्पुरत्या परवान्यावर कामाला आहेत, मग ती न्यू जर्सीत असोत की जेद्दात, त्यांची एक वही शाखेने करावी: कोणत्या देशात, कोणत्या प्रकारच्या परवान्यावर, कर्ज किती, तारण काय. लोक सुरुवातीला सांगणार नाहीत. कर्जाची लाज वाटते, आणि आपल्या राजकारणाबद्दल त्यांच्या मनात शंका असते, तीही अकारण नाही. सोयाबीन निघून कापसाची पहिली वेचणी सुरू होते त्या दिवसांत संध्याकाळी माणसे घरी सापडतात. त्या वेळी जावे. दोघांनी मिळून जावे, त्यांतला एक जण बँकेची कागदपत्रे वाचता येणारा असावा.